अपूर्वाचा थर्मास

भर वैशाखात तोंडाला मफलर गुंडाळून श्रीपाल मटणाच्या दुकानापुढच्या रांगेत उभा होता. रविवार, सकाळचे साडेसहा. पुढं सातजण, मागं अकरा, आणि मधे हा. पाणी दोनदा गाळून पिणारा जैन. ही गल्ली टाळायला दोन चौकांचा वळसा घालणारा. बोटाला सुई टोचली तरी डोळे मिटून मटकन खाली बसणारा.

खरं तर तो कोपऱ्यावर उभं राहून नुसतं बघणार होता. पण कोल्हापुरात रविवारी मटणाच्या दुकानाजवळ नुसतं उभं राहता येतंय व्हय? "पावणं, लाईनीत ऱ्हावा की!" म्हणत कुणीतरी दंडाला धरून त्याला रांगेत लावूनच टाकलं.

ही सगळी आक्काची कामगिरी. आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. परवा घरी आली, पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि म्हणाली, "तुझी अपूर्वा मटणाच्या दुकानात जाती. थर्मास घेऊन. ह्या डोळ्यांनी बघितलंय मी. आणि त्यातनं काय ती बासुंदी नेत नसंल."

तेव्हापासून श्रीपालच्या घशाखाली घास उतरला नव्हता. तो थर्मास त्यानंच दिला होता. राजारामपुरीतल्या स्वतःच्या भांड्यांच्या दुकानातला, सगळ्यात भारी. पोरगी दिवसभर कॉलेजच्या प्रयोगशाळेत राबते, तिला गरम चहा मिळावा म्हणून. आणि त्यात रस्सा! तांबडा का पांढरा, एवढंच कळायचं बाकी होतं.

पोरगी कसलं संशोधन करते, हे तिनं त्याला चारदा सांगितलं होतं आणि त्यानं चारदा मान डोलावली होती. त्यात रक्ताचं नाव निघायचं, आणि रक्ताचं नाव निघालं की त्याचे कान बंद व्हायचे. बायकोचं, त्रिशलाचं, दोन वर्षांपासून डायलिसिस चालू होतं. तो तिला रिक्षातून न्यायचा आणि बाहेरच्या बाकावर बसायचा. आत अपूर्वा बसायची. ती लालभडक नळी बघायची त्याची छाती व्हायची नाही. लाज वाटायची, पण पाय काही उचलायचा नाही.

तेवढ्यात अपूर्वा आलीच. गाडी लावली, रांग सोडून सरळ बाजूच्या दारानं आत गेली, आणि जरा वेळानं थर्मास छातीशी धरून बाहेर आली. दुकानदार कृष्णातशी दोन शब्द हसून बोलली आणि गेली. चांगली रोजची ओळख दिसत होती. श्रीपालला रडूच यायला लागलं. एवढी गुणी पोर, आणि हाताबाहेर गेली.

त्याचा नंबर आला.

"काय दिऊ पावणं? अर्धा किलो?"

"न्हाय, न्हाय. ती पोरगी... आत्ता गेली ती. काय नेती?"

"रगात."

श्रीपालनं दाराची चौकट धरली.

"बकऱ्याचं, ताजं," कृष्णात मोठ्यांदा म्हणाला. सगळ्या रांगेला ऐकू गेलं. "दुसरं कोण असतं तर रक्ती करून खाल्ली असती. ही प्रयोग करती. आईला डायलिसिसची नळी घातलीया तिच्या. परकी वस्तू दिसली की रगात तिला चिकाटतंय, गुठळी हुती, नळी बंद. पुन्हा सगळी टोचाटोची. तवा ही नळीला असा लेप लावाय बघती, की रगाताला वाटावं ही आपलीच शीर हाय. चाळीस लेप वाया गेलं. आता बकऱ्यावर जमलंय. सरकारी कागद, परवानगी, समदं झालं. पर फुडं माणसाचं रगात पायजे, आणि देणारं कोण मिळंना बिचारीला."

त्रिशलाची नळी वर्षात तीनदा बंद पडली होती. तिन्ही वेळा त्यानं बाकावरून "झालं का?" एवढंच विचारलं होतं. का बंद पडली, हे विचारायचं धाडस त्याला झालं नव्हतं.

"आणि शेठ," कृष्णात सुरा पुसत म्हणाला, "तो मफलर काढा आता. गुदमरशीला. आमच्या घरचा कुकर तुमच्याच दुकानातला हाय."

रांग खदखदा हसली. श्रीपालनं मफलर काढला, पण घरी गेला नाही.

तो आला दुपारी एक वाजता. चेहरा पांढराफटक, एका हातात मफलर, दुसरा हात अपूर्वाच्या खांद्यावर. आक्का सकाळपासून त्रिशलाच्या उशाशी ठाण मांडून बसली होती. ती ताडकन उठली.

"बघितलंस न्हवं? खरं का खोटं?"

"खरं."

"मग? बंद केलंस का न्हाय?"

"केलं. आजपासनं बकऱ्याचं बंद."

आक्कानं समाधानानं देवाला हात जोडले. त्रिशला मात्र नवऱ्याच्या शर्टाकडं बघत होती. त्याची डावी बाही कोपराच्या वर दुमडलेली होती, आणि तिथं कापसाचा बोळा चिकटवलेला होता.

"दोनदा चक्कर आली बाबांना," अपूर्वा म्हणाली. हसत होती का रडत होती, सांगणं अवघड होतं. "पण डोळे मिटले नाहीत, आई. बाटली भरेपर्यंत बघत बसले."

"अरे पण हे काय केलंस?" आक्का ओरडली.

श्रीपाल त्रिशलाच्या पायाशी बसला. "मुक्या जनावराचं कशाला, म्हटलं," तो म्हणाला. "बापाचं हाय की."