लाल चौकटीची पाटी

गुणवंतरावांनी पाटीवर "नको" लिहिलं आणि पाटी टेबलापलीकडे बसलेल्या संघप्रियाकडे वळवली.

संघप्रिया त्या रुग्णालयात नव्या औषधाच्या चाचणीचं काम पाहायची. रुग्णाला सगळं समजावून सांगायचं, तो तयार झाला तर सही घ्यायची, नाही म्हणाला तर हसून निरोप द्यायचा.

"नको तर नको," ती म्हणाली. "जबरदस्ती नाही. तुमचे नेहमीचे उपचार चालूच राहतील."

"थांबा बाई," सोमारी म्हणाली. तिने पाटी ओढून घेतली, तळव्याने पुसली आणि पुन्हा त्यांच्या हातात दिली. "त्यायले नीट समजलं नाई. मी सांगते."

सोमारी धानोऱ्याकडच्या एका जंगलातल्या गावात अंगणवाडी चालवायची. गुणवंतराव त्याच भागातले तेंदूपानाचे ठेकेदार. एकेकाळी दारात तीन ट्रॅक्टर उभे असायचे. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने तोंडात कर्करोग झाला, अर्धी जीभ कापावी लागली. मुलगा नागपूरला, तो फोनही उचलत नसे. दर वेळी सोमारीच त्यांना बसने चंद्रपूरला घेऊन यायची. पाटीही तिनेच दिलेली, लहान मुलांची, लाल चौकटीची. ते ती नेहमी एकाच पद्धतीने धरायचे, डाव्या कोपऱ्यावर अंगठा घट्ट दाबून.

सोमारीने पिशवीतून मूठभर चिंचोके काढले आणि टेबलावर दोन ढीग केले.

"हे इतके लोक जुनं औषध घेतील अन् त्याच्यासंगं नवं. हे इतके नुसतं जुनं. कोण कोणत्या ढिगात, ते डॉक्टर बी ठरवत नाई. कॉम्प्युटर ठरवते. बरोबर ना बाई?"

"अगदी बरोबर. तुम्हीच माझ्या खुर्चीवर बसा."

"आमच्या पोरायले याच्याहून अवघड शिकवावं लागते." सोमारी हसली नाही. "नव्यानं माणूस किती जगते?"

"नक्की सांगता येत नाही. जुन्या औषधावर सात-आठ महिने. नव्याने वर्ष निघावं अशी आशा आहे, तेच तर तपासतोय. पण त्रासही होईल. उलट्या, तळपायांची आग."

"त्रासाचं राहू द्या. वर्ष निघंल का?"

"निघेलही."

गुणवंतरावांनी लिहिलं, "मरू दे मले."

सोमारीने पाटी पुसली. तिने डब्यातली आंबील पेल्यात ओतून त्यांच्यापुढे सरकवली आणि पुन्हा एक खुर्ची सोडून बसली. आंबील ती दर खेपेला करून आणायची. स्वतः त्यातली घोटभरही घेताना संघप्रियाने तिला पाहिलं नव्हतं.

गुणवंतरावांनी पेल्याला हात लावला नाही. थोड्या वेळाने त्यांनी लिहिलं, "तुले काऊन पाहिजे मी?"

"आठ वर्षं झाली गुणवंतराव," सोमारी म्हणाली. "आठ वर्षं मी थांबली. आता असे मधातच चालले तुमी? तुमी जगलं पाहिजे. मले पाहिजे."

त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी लिहिलं, "तू असं म्हणशील, वाटलं नव्हतं. मी त्या लायकीचा नाई."

ते वाक्यही सोमारीने पुसलं, पण या वेळी सावकाश.

गुणवंतरावांनी कागद ओढून घेतला.

"तुमच्या मनाने करताय ना?" संघप्रियाने विचारलं. "यातून केव्हाही बाहेर पडता येतं."

त्यांनी होकारार्थी मान हलवली आणि सही केली.

"बाहेर नाई पडत ते," सोमारी म्हणाली. "जवा बोलवाल तवा मी घेऊन येते. एक खेप चुकणार नाई."

परिचारिका त्यांना रक्त तपासायला घेऊन गेली. दारातून त्यांनी वळून सोमारीला हात जोडले. सोमारी चिंचोके गोळा करत होती.

संघप्रियाला वाटलं, इतक्या वर्षांत असं माणूस पाहिलं नाही. सख्खा मुलगा फिरकत नाही आणि ही बाई दोन बस बदलून येते. तिने फॉर्म पुढे घेतला.

"सोबत येणाऱ्याचं नाव लिहिलं. नातं काय लिहू? बहीण?"

सोमारीने पाटी पदराने स्वच्छ पुसली. चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात, गुणवंतरावांचा अंगठा असायचा त्या जागी, खिळ्याने कोरलेली वेडीवाकडी अक्षरं होती. प्रिया, दुसरी.

"तुमची मुलगी?" संघप्रियाने विचारलं. "आता कितवीत आहे?"

"दुसरीतच," सोमारी म्हणाली. "शाळेतून येत होती. हे दारू पिऊन ट्रॅक्टर चालवत होते." तिने पाटी पिशवीत ठेवली. "वर्षभरात निकाल लागते म्हणते वकील. पण त्याच्याआधी आरोपी मेला, तं केस बंद होते."