शहरातला एक नळ

विभागप्रमुख आजारी मुलींच्या खोलीपर्यंत आले आणि दारातच थांबले. मागून प्राचार्यांची भाची आली, लॅपटॉप छातीशी धरून. तिच्या अंगात कॉलेजचं बोधचिन्ह लावलेला निळा कोट होता. शिंप्याने तो शिवला होता खाटेवरच्या मुलीच्या मापाने. आता बाह्या आखूड करून घेतल्या होत्या.

"पडून राहा, उठू नकोस," सर म्हणाले. उठायचं तिच्या मनातही नव्हतं. डोळे पिवळेजर्द झाले होते आणि अंगात त्राण नव्हतं. उशाशी तिची आई बसली होती, ती सरांकडे बघतही नव्हती.

खाटेवरच्या या मुलीला वसतिगृहात सगळ्या पाणीबाई म्हणायच्या. पाण्याच्या गुणवत्तेवरच्या परदेशी अभ्यासदौऱ्यासाठी कॉलेजातून एकाच मुलीला पाठवायचं होतं, आणि हिच्या तपासण्या बघून निवड हिची झाली होती. वसतिगृहाची जुनी रीत अशी, की तपासणी पथक यायच्या सकाळी टाकीत औषधाची पावडर ओतायची. एरवी टाकीकडे कुणी ढुंकून बघायचं नाही. पाणीबाईने मुद्दाम एरवीच नमुने घेतले. काचेच्या बशीत जंतू असे तरारून आले, की बघणाऱ्याची तहान मरावी. तिने ते रेक्टरबाईंना नेऊन दाखवलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन तिची पाणी उकळायची कॉइल जप्त केली. खोलीत विजेची उपकरणं चालत नाहीत म्हणे. म्हणजे त्या पाण्यात काय आहे हे जिला सगळ्यांच्या आधी कळलं, तिलाच ते तसंच प्यावं लागलं. कावीळ झाली, डॉक्टरांनी प्रवासाचा दाखला नाकारला आणि जागा भाचीला मिळाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

सरांचं म्हणणं एवढंच होतं, की विमान परवा आहे, सादरीकरण तयारच आहे, तेव्हा भाचीला ते जरा समजावून सांग. शेवटी कॉलेजच्या नावाचा प्रश्न आहे. बोलता बोलता त्यांनी हेही विचारून घेतलं, की बाहेरचं काही खाल्लं होतंस का.

आईने तेव्हा मान वर केली. "बाहेर जायला हिला फुरसत कुठे होती, सर? तुमच्या नळांना बाटल्या लावत बसली होती."

सरांनी भाचीला लॅपटॉप उघडायला सांगितलं.

काही समजावणार नाही, असं पाणीबाईच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण भाचीने पडद्यावरच्या कोऱ्या बशीवर बोट ठेवून विचारलं, की हे आपलं पाणी ना? आता मात्र तिला राहवलं नाही. रागावून का होईना, तिने लॅपटॉप पुढ्यात ओढला. कोरी बशी उकळलेल्या पाण्याची, ती ताडून बघायला ठेवलेली. ठिपक्यांनी भरलेली आपली. आपलं काम कुणी चुकीचं सांगितलेलं तिला ऐकवलं नसतं, मग ते सात समुद्रांपलीकडे का असेना.

ठिपक्यांच्या बशीखाली तिने 'वसतिगृहाची टाकी' असं लिहिलं होतं. आता तिथे 'शहरातला एक नळ' होता.

हे कुणी बदललं, तिने विचारलं. भाचीने सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, घरची उणीदुणी चव्हाट्यावर मांडायची नसतात, एवढं तरी कळायला हवं.

आईने लेकीच्या पाठीवर हात ठेवला, पण गप्प बस असं काही म्हटलं नाही.

भाची मनाने वाईट नव्हती. तिने खाली मान घालून हळूच विचारलं, "आणि तिथे कुणी म्हणालं, हे पाणी पिणाऱ्यांचं काय होतं, पुरावा दाखवा, तर मी काय सांगू?"

"असलं कुणी विचारत नसतं," सर म्हणाले.

"विचारतील. मी विचारलं असतं." पाणीबाई कोपरावर रेटून उठून बसली आणि आपले पिवळे डोळे तिने सरांवरून हलवले नाहीत. "सांग, पुरावाच येणार होता. त्याला कावीळ झाली, म्हणून डॉक्टरांनी सोडलं नाही."