बत्तीस गुण

गणिताच्या बाईंच्या निरोप समारंभात मुख्याध्यापक म्हणाले, "पस्तीस वर्षांत बाईंची बेरीज कधी चुकली नाही."

"एकदा चुकली." मागच्या रांगेतून एक माजी विद्यार्थिनी उठून उभी राहिली. "अकरावीच्या वार्षिक परीक्षेत माझे बावन्न होत होते. तुम्ही बत्तीस मांडलेत. मी नापास झाले."

बाईंनी तिला चेहऱ्यावरूनच ओळखलं. एकोणीस वर्षं त्यांनी ही गोष्ट नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

"बसा बाई, मी बघतो," मुख्याध्यापक कुजबुजले. बाई बसल्या नाहीत.

"चुकली नव्हती," त्या माइकसमोर म्हणाल्या. "मी मुद्दाम तसे मांडले. निकालाआधी तुझे वडील मला भेटून गेले होते. पोरगी पास झाली की लगेच लग्न उरकतो म्हणाले. तू जेमतेम सतरा वर्षांची होतीस. मी विनवण्या केल्या, पण ते ऐकेनात. तू अठराची होईपर्यंत तुला शाळेत ठेवायचं, एवढंच मला सुचलं. तुझं वर्ष मी वाया घालवलं. तुला काय बोलायचंय ते बोल."

ती स्टेजजवळ आली. तिचे डोळे भरून आले होते.

"पेपर हातात पडला तेव्हाच मला चूक दिसली होती, बाई. सांगितलं तर तुम्ही ती सुधाराल, या भीतीनं मी गप्प बसले."