पिठीसाखरेचा पेला

धुरपदाबाईने लेकाच्या, गोपालच्या पेल्यात चमचा गच्च भरून पावडर टाकली. दुसऱ्या पेल्यात चिमूटभरच टाकली आणि वर चमचाभर पिठीसाखर ओतली. रंग तोच, पांढराधोप. मग दोन्हींत कोमट पाणी घातलं आणि ढवळलं. काम साधंच. गार पाण्यात ही पावडर बुडाशी बसते, कोमटात विरघळते, एवढं ध्यानात ठेवलं की झालं.

पावडर क्रिएटिनची होती. सत्त्याण्णव साली सुरतेच्या लिंबायतमध्ये हे नाव कुणाच्या जिभेवर नीट बसत नव्हतं. जिमच्या दत्तू मास्तरांनी मुंबईहून डबा मागवून दिला होता. व्यायामानंतर रोज एक चमचा, म्हणजे जोर येतो, अंग भरतं, असं त्यांचं म्हणणं. गोपाल आणि त्याचा दोस्त आनंदा, दोघांनी मिळून डबा घेतला. आनंदा जालन्याकडचा. त्याच्या खोलीत गावाकडचे इतके कामगार कोंबलेले, की तिथे साबणाची वडीसुद्धा टिकत नव्हती, डबा कुठला टिकायला! म्हणून डबा गोपालच्या घरी राहिला.

"मावशी, पेले तुम्हीच भरत जा," आनंदाच म्हणाला होता. "आमचा हात सैल हाय. हप्त्यात डबा उडवून टाकू."

आता इतका विश्वास कुणी कुणावर टाकावा? पण त्याची आई लहानपणीच गेली होती. मावशी म्हटलं की त्याला सगळं आलं.

दिवाळीनंतर जिमची वजन उचलायची स्पर्धा होती. कडोदऱ्याला एका शेठने नवी जिम काढली होती. जो पहिला येईल, त्याला तो तिथे शिकवायला ठेवणार होता. एकालाच. म्हणजे पॉवरलूमच्या खात्यातून, मागांच्या खडखडाटातून, एकच पोरगा सुटणार होता. धुरपदाबाईचा नवरा हिलाल उभा जन्म त्या खडखडाटात राहिला, आता कानाशी ढोल बडवला तरी त्याला पत्ता लागत नव्हता. परवा गोपालनेही तिची हाक दोनदा ऐकली नाही, तेव्हा तिने मनाशी ठरवून टाकलं. आनंदा गुणाचा पोरगा, कबूल. पण पोटचा तो पोटचाच, हो!

रोज सकाळी जिममधून दोघे घामाघूम होऊन येत. गोपालच्या पेल्यावर त्याचं नाव कोरलेलं, आनंदाचा साधा. ती दोन्ही पेले बाहेर ओट्यावर ठेवायची आणि घाईघाईने चुलीपाशी परत यायची. आनंदाला पिताना बघायची तिची छाती नव्हती. पेले रिकामे करून दोघे कामावर पळत.

आणि झालं भलतंच. आनंदाचे खांदे भरू लागले. दंड असे झाले की शर्टाच्या बाह्या उसवल्या. गोपाल मात्र होता तसाच, सडसडीत. "साखर खाऊन फुगतोय की काय मेला!" धुरपदाबाई मनाशी चरफडली. दुसऱ्या दिवसापासून तिने गोपालच्या पेल्यात दीड चमचा टाकायला सुरुवात केली. आनंदाची चिमूटही बंद केली.

"तुना अंगले काहीच लागत नही का रे, भाऊ?" एकदा न राहवून तिने लेकाला आपल्या खानदेशी बोलीत विचारलं.

"लागी, माय, लागी," गोपाल हसत म्हणाला आणि भाकरी मोडू लागला.

स्पर्धेला ती गेली नाही. देवापुढे दिवा लावून बसायचं होतं, पण काय तोंडाने मागणार? तशीच बसून राहिली. गोपाल परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरूनच तिला कळलं. दुसरा आला होता.

सकाळी आनंदा पेढे घेऊन दारात. गळ्यातलं मेडल काढून त्याने तिच्या हातावर ठेवलं आणि तिच्या पायांवर डोकं टेकवलं.

"मावशी, हे तुमचं हाय. तुमच्या गोपालनं पहिल्या हप्त्यापासून रोज त्याचा पेला मला पाजला. माझा ओढून घ्यायचा, आन् त्याचा माझ्या हातात द्यायचा. मी म्हणायचो, अरे येड्या, दोन्हीत एकच तर हाय! तर म्हणायचा, माझ्या पेल्यात आईची माया जादा असते, तुला आई नाही, तू पी."

धुरपदाबाईने आशीर्वादासाठी हात उचलला, तो तिथेच राहिला. तिला मोठ्याने रडू फुटलं. आनंदाला वाटलं, मावशीला आनंद झाला. त्याचेही डोळे भरून आले.

"रडता काय मावशी! पहिल्या पगारात नवा डबा आणतो. रविवारी येत जाईन. पेले तुम्हीच भरायचे," असं म्हणून तो गल्लीत पेढे वाटायला धावला.

गोपाल कामावर निघाला होता. त्याने जेवणाचा डबा पिशवीत घातला, पायात चपला सरकवल्या. धुरपदाबाईची त्याच्याकडे बघायची हिंमत होईना. कधी पाहिलंस, कसं पाहिलंस, काहीच विचारवेना. पदराने तोंड दाबून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. गोपाल जवळ आला. तिच्या पाठीवर हात ठेवला आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला,

"नवा डबा उना की दोन्हीसले सारखंच टाकजो, माय."