बोट कोणाकडे दिली?

"खांदा भरून आलाय, पोरी. पिंजरे उचलून उचलून. बाकी काही नाही," एव्हारिस्त नर्सला म्हणाला, आणि ओदेतने कपाळावर हात मारला.

याच वाक्याची तिला भीती होती. धक्क्यावरून इस्पितळापर्यंत गाडी हाकताना तिने नवऱ्याला दहादा बजावलं होतं, की तिथे तरी खरं सांग. मागे बरगड्या मोडल्या तेव्हा शहरातल्या इस्पितळात त्याने 'जरा अवघडलंय' म्हणून सांगितलं होतं. त्यांनी त्याला खुर्चीवर बसवून ठेवलं आणि तो कंटाळून घरी निघून आला. आजही तसंच झालं तर तो सरळ बोटीवर जाईल. त्यापुढचा विचार ती करत नव्हती. त्याचा चेहरा ओल्या राखेसारखा दिसत होता.

तातडीच्या विभागाच्या दाराशी बसलेली नर्स मिरेय अगदी तरुण होती. तिने खुर्ची पुढे ओढली, एव्हारिस्तचं मनगट हातात घेतलं आणि आज शेवंडी पकडण्याच्या हंगामाचा पहिलाच दिवस, तर समुद्र कसा आहे, असं विचारलं. समुद्र बरा आहे, तो म्हणाला. पिंजरे टाकून झाले का? अर्धे झाले. शेजारी हाताला टॉवेल गुंडाळून बसलेल्या माणसाने यंदा भाव चांगला मिळणार असल्याची बातमी मध्येच पुरवली. ओदेतचा जीव टांगणीला लागला होता आणि इथे गावगप्पा रंगल्या होत्या. नवरा धड उभा राहू शकत नाही, हे तिने फटकन सांगितलं. मिरेयने नुसती मान डोलावली. तिची नजर एव्हारिस्तवरून हलली नाही.

"मग बोट कोणाकडे दिलीत, काका?"

एव्हारिस्त जमिनीकडे बघत म्हणाला, "थिओफीलकडे."

थिओफील म्हणजे ओदेतचा सख्खा भाऊ. लग्न झाल्यापासून एव्हारिस्तने या मेहुण्याला सुकाणूला हात लावू दिला नव्हता. आंघोळीच्या टबातही हा होडी बुडवेल, असं तो भर पंगतीत सांगायचा. आज त्याच्याच हाती बोट दिली, हे ओदेतला ठाऊकच नव्हतं.

"बरी चालवतात का ते?"

"गाढव आहे तो."

मिरेय हसली. हसता हसताच तिने टेबलाखालची घंटा दाबली. दार उघडलं, चाकांचा पलंग आला, आणि एव्हारिस्त 'अगं, चालतो मी' म्हणेपर्यंत त्याला आडवं केलेलं होतं. सदरा कापला गेला, छातीवर वायरी चिकटल्या. मशीनमधून निघालेली पट्टी डॉक्टरांनी एकदाच पाहिली आणि इंजेक्शन मागवलं.

ओदेतला कुणी बाहेर घालवलं नाही. तिला नवऱ्याच्या पायाशी खुर्ची दिली. डॉक्टर तिच्यासमोर उकिडवे बसले आणि साध्या शब्दांत म्हणाले, की हृदयाच्या नळीत गुठळी अडकली होती, ती विरघळते आहे. हेलिकॉप्टर त्यांना हॅलिफॅक्सच्या मोठ्या इस्पितळात नेईल, आणि उशीर झालेला नाही. शेवटचे शब्द तिने त्यांना पुन्हा सांगायला लावले.

हळूहळू एव्हारिस्तच्या गालांवर रंग आला. थिओफीलला दोर नीट बांधायला सांग, तो पुटपुटला, आणि ओदेत इतक्या वेळाने पहिल्यांदा रडली.

मिरेय चहा घेऊन आली, तेव्हा ओदेतने कबूल केलं, की मघाशी मनातल्या मनात तुला खूप शिव्या घातल्या. सरळ दुखणं विचारायचं सोडून बोटीचं काय घेऊन बसलीस?

"दुखण्याबद्दल आपली माणसं बिनदिक्कत खोटं बोलतात, काकू," मिरेय म्हणाली. "बोटीबद्दल त्यांना खोटं बोलता येत नाही."