विनीकडचे पाहुणे

इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या एका केअर होममध्ये देवयानी रोज दुपारी विनीच्या खोलीतली ओली वाळू झाडून काढायची. समुद्र तिथून दोन तासांवर होता आणि एकशे दोन वर्षांच्या विनीला पलंगावरून उतरताही येत नव्हतं. वाळू नेहमी समोरच्या रिकाम्या खुर्चीखालीच असायची.

"ओटो येऊन जातो ना," एकदा विनी म्हणाली आणि तिने सगळं सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी तिचं जर्सी बेट घेतलं, तेव्हा नवरा लढाईवर होता आणि तिचा जीव जडला ओटो या जर्मन शिपायावर. दोघं किनाऱ्यावर चोरून भेटायची. ओटो तिथेच सुरुंग फुटून गेला. परतलेल्या नवऱ्याला तिने तो मरेपर्यंत काही कळू दिलं नाही.

"आता कशाला लपवायचं?" विनी समाधानाने हसली.

काल देवयानी आत आली, तर ओटोच्या शेजारच्या खुर्चीखाली बुटांचा ओला चिखल होता.

"आज नवराही आलाय," विनी म्हणाली. "त्याला सगळं सांगून टाकलं. रागावला नाही गं. दोघं छान गप्पा मारताहेत. तूही बस ना, पोरी."

देवयानी नको म्हणणार, इतक्यात तिसरी खुर्ची तिच्यासाठी अदबीने मागे सरकली.