चादरीखालची गाडी

“या उन्हानं गाडीचा रंग उडते न, ताई,” देवानंदभाऊ ज्योत्स्नाच्या कानाशी कुरकुरले.

चहावाल्यानं नुसतं विचारलं होतं, तुमच्या इटालियन गाड्या कुठं हायेत? वलगावच्या टपरीवर रविवारी जमणारे स्पोर्ट्स बाइकवाले चौघंही आज जाकिटं चढवून स्कूटीवर आले होते. एकाला खड्डे नडले, दुसऱ्याला धूळ. ज्योत्स्ना तर पन्नाशीत हौसेनं घेतलेली गाडी पुसून, चेनला तेल देऊन, तिच्यावर तासभर नुसती बसून, तिच्यावर पुन्हा चादर घालून आली होती.

“पुढच्या रविवारी चिखलदरा, नक्की!” देवानंदभाऊ म्हणाले. साऱ्यांनी माना डोलावल्या. ज्योत्स्नाचीही डोलली, पण मधेच थांबली.



“भाऊ, मले तं भेव लागते त्या गाडीचं. तुमाले?”